चार फूट चाललेली जास्वंद

मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या घरात कुणाचाच बसलेला नाही, तेव्हा तुमच्याबद्दल माझी तक्रार असायचं कारण नाही. पण मी जास्वंदीचं एक अख्खं झाड चार फूट चालत जाताना बघितलेलं आहे, आणि माझ्याकडे त्याचे फोटो आहेत.

हे मी शर्वरीला सांगितलं तेव्हा तिनं चहाचा कप खाली ठेवला.

शर्वरी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मी ज्या मोजणी कार्यालयातून निवृत्त झालो तिथंच ती नवी भूमापक म्हणून लागली आहे. त्या रविवारी दुपारी ती फोनवर एका जुन्या नकाशाचं चित्र घेऊन खाली आली. माझी बायको कुमुद गवारी मोडत बसली होती. मी आरामखुर्चीत, कमरेमागे गरम पाण्याची पिशवी.

"काका, ही सही तुमचीच ना?"

"माझीच. तेव्हा मी 'र'ला शेपूट काढायचो."

"मग ही रेघ बघा. ओढ्यापासून निघते ती सरळ येते, विहिरीपाशी चार फूट पोट काढते आणि पुन्हा सरळ जाते. आमच्याकडे या हद्दीला तुमच्या नावानं 'कुंभोजकरांचं पोट' म्हणतात. अशी हद्द जगात कुठं असते का?"

"जगात नसेल. आंबेखोलमध्ये आहे."

"पण का?"

म्हणून सांगावं लागलं.

मला त्या काळी वेड्यावाकड्या फुलांचे फोटो काढायचा नाद होता. चांगल्या फुलाचा फोटो कुणीही काढतं. चांगलं फूल सगळीकडे सारखंच, त्यात बघायचं काय? मला हवं असे ते चुकलेलं फूल. नऊ पाकळ्यांची सदाफुली. पोटातून दुसरा झेंडू काढून बसलेला झेंडू. देठ पट्ट्यासारखं चपटं झालेलं आणि वर तीन डोकी एकमेकांना चिकटलेलं सूर्यफूल, ज्यातलं मधलं डोकं सूर्याकडे बघायचंच नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एक धोतरा सापडला होता, कर्ण्यात कर्णा आणि त्यात आणखी एक कर्णा. त्याला मी कान लावला तर आत कुणीतरी खोकलं.

"धोतऱ्याला तोंड लावलं असेल," कुमुद म्हणाली. "कान नसेल."

तर असा नाद. आणि मोजणीची नोकरी त्याला अगदी सोयीची. दिवसभर बांधावर फिरायचं. बांधावरच्या फुलांना कुणी वळण लावलेलं नसतं, ती हवी तशी वाढतात. कॅमेरा होता डब्यासारखा, जुन्या बाजारातून घेतलेला. एका रोलात बारा फोटो. त्यामुळे एकेक फोटो मी मोजणी केल्यासारखा काढायचो. हातात कॅमेरा धरून मी आयुष्यात कधी फोटो काढला नाही. आधी जमिनीत खुंटी ठोकायची, तिच्यावर मोजणीच्या फलकाची तिपाई उभी करायची, पाणसळ लावून ती समपातळीत आणायची, मग वर कॅमेरा. फुलाच्या शेजारी मापाला काहीतरी हवंच, म्हणजे आकार कळतो. आणि मागे एखादी न हलणारी खूण. झाड नको, जनावर नको, माणूस तर नकोच.

"आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो म्हणूनच नाही काढला," कुमुद शर्वरीला म्हणाली. "मी हलते म्हणे."

त्र्याऐंशी साल, मार्च महिना. शिमगा आठ दिवसांवर आला होता. आंबेखोलच्या केरबा घोडक्यानं मोजणी मागवली होती. मी आणि साखळी ओढणारा आमचा शिपाई दौलू, असे सकाळी आठला रानात पोचलो. दौलू माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, बोलायला अत्यंत कंजूष. केरबा आमची वाट बघत उभा होता. शेजारी चार मजूर, दोन पंच, हद्दीत रोवायला आणलेला एक मोठा काळा दगड, आणि केरबाच्या खांद्यावर कुऱ्हाड.

"कुऱ्हाड कशाला?" मी विचारलं.

"मोजणी झाली की लागंल, साहेब."

कशाला लागणार ते पुढच्या वळणावर दिसलं. विहिरीजवळच्या बांधावर पुरुषभर उंचीची जास्वंद होती आणि तिच्या बुंध्याशी पाठ लावून एक म्हातारी बसली होती. दाराला कडी नसली की बायका दाराला पाठ लावून बसतात, तशी. ही हौसाक्का. केरबाच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. बांधाच्या अलीकडचं रान तिचं, पलीकडचं केरबाचं.

मी तिच्याशी बोलायला वाकलो आणि मला फूल दिसलं.

तुम्ही जास्वंद बघितली आहे. लाल पाकळ्या आणि मधून बाहेर आलेली ती दांडी. या जास्वंदीच्या दांडीच्या टोकाला दुसरं फूल होतं. वरच्या मजल्यावर भाडेकरू असावा तसं. एखाद्याच फुलाला नव्हे, झाडाच्या प्रत्येक फुलाला. आणि डोक्याच्या उंचीवर एक फूल असं होतं, की त्या दुसऱ्या फुलाच्या दांडीतून तिसरं निघालं होतं. तीन मजली.

"आक्का, हे काय आहे?"

"माडीची जास्वंद," हौसाक्का म्हणाली. "तुमी मोजणीसाहेब न्हवं? ही कुणाच्यात येती?"

"मोजल्यावर कळेल."

"मोजायचं ते मोजा. हिला मोजू नगा."

"तिला नाही मोजत. जमीन मोजतो."

"ती जमिनीतच हाय," ती म्हणाली.

मी तिथंच बसलो. केरबाला वाटलं मी फलक लावायची जागा बघतोय. मी हौसाक्काला झाडाचं विचारत होतो. तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा एकदा कोर्टाच्या तारखेला तालुक्याला गेला होता. तारीख पुढं गेली. परत येताना डाकबंगल्याच्या बागेत त्याला हे झाड दिसलं. माळी जेवायला गेलेला. त्यानं एक फांदी मोडली, फेट्यात खोवली, वरून फेटा बांधला आणि नऊ मैल चालत आला. घरी येऊन फेटा सोडला तर फांदीनं डोक्याला ओरखडे काढलेले.

"बत्तीस वर्सं संसार केला," हौसाक्का म्हणाली. "त्यात त्यानं माज्यासाटनं आणलेली ही एकच वस्तू. ती बी चोरून."

"आणि केरबा तोडणार?"

"त्येला ट्रॅक्टर घ्याचाय. वळायला जागा पायजे म्हनं."

"विहिरीच्या पलीकडून वळत नाही का?"

"वळतंय की. पर तिकडं त्येचा ऊस हाय आणि हितं माजी जास्वंद हाय."

आम्ही मोजणी केली. काटकोनासाठी शंकू लावला, साखळी टाकली, तीनदा मोजलं. पहिल्या दोन वेळा मला वाटलं साखळी चुकली असेल. तिसऱ्या वेळी दौलू माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, साखळी बरोबर हाय." त्या दिवशी त्यानं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मधल्या खुणेची जागा जास्वंदीच्या अलीकडे पडली. दोन फूट. बांध तिथं तीस वर्षं होता, झाडाला पाणी तिनं घातलं होतं, पण कागदावर झाड केरबाचं.

मजुरांनी खड्डा खणला. दगड इतका भारी की चौघांनी पहारी लावून लोटत आणला आणि खड्ड्यात उभा केला. केरबानं जबाबावर सही केली. पंचांनी अंगठे दिले. जबाबात मजकूर एवढाच: हद्दीच्या खुणा पाहिल्या, समक्ष पाहिल्या, मान्य आहेत.

आता तिकडची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. दगड नुसता उभा करून भागत नाही. खड्ड्यात हळदकुंकू टाकायचं, दगडावर नारळ फोडायचा, मग माती लोटायची. नारळ फुटेपर्यंत तो नुसता दगड. नारळ फुटला की हद्दीचा देव. मग त्याला बैलसुद्धा शिंग लावत नाही. नारळ फोडायचा होता केरबाच्या बायकोनं, बाळाबाईनं, आणि ती घरी पंचांसाठी मटण शिजवत होती.

"चार वाजता नारळ," केरबा म्हणाला. "लगोलग कुऱ्हाड. चला साहेब, पान वाढलंय."

इथं दुसरी पद्धत. मोजणीदार कुणाच्याच घरी जेवत नाही. याच्याकडे जेवला तर तो तक्रार करतो, त्याच्याकडे जेवला तर हा. मी आयुष्यभर ज्या ज्या मटणांना नाही म्हणालो त्यांचा वास मला अजून आठवतो. तर केरबा, पंच आणि मजूर जेवायला गेले. कुऱ्हाड घेऊन गेले, पहारी मात्र तिथंच ठेवून गेले. रानात उरलो मी, दौलू, आमच्या भाकरी, आणि झाडाला पाठ लावून बसलेली हौसाक्का.

"किती वाजले होते?" शर्वरीनं विचारलं.

"साडेबारा."

"म्हणजे चारपर्यंत तिथं कुणी नव्हतं."

"मी होतो ना."

"तेच म्हणतेय," ती म्हणाली.

रोलात दोन फोटो उरले होते. भाकरी सोडायच्या आधी मी पहिला काढला. दगडापासून बारा फुटांवर खुंटी ठोकली, तिपाई लावली, पाणसळ बघितली. तीन मजली फूल, अख्खं झाड, मापाला डाव्या हाताला नवा दगड, आणि मागे विहिरीचा खांब. हौसाक्काला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली नाही. मग दौलूनं तिला गूळ दिला, तेव्हा झाली.

मग आम्ही जेवलो. मला भाकरी गोड लागेना. मी त्या फुलाकडे बघत होतो. बारा वर्षं बांध तुडवत होतो, असं फूल बघितलं नव्हतं आणि चार वाजल्यानंतर ते कुणाला दिसणार नव्हतं. हौसाक्का झाडाशी बोलत होती. हळू आवाजात, पण मला ऐकू येत होतं.

"जा की गं," ती झाडाला सांगत होती. "चार पावलं अलीकडं यायला तुजं काय जातंय? तू चोरून आलीस तवा नऊ मैल आलीस."

आणि तेव्हा ते झालं.

पहिल्यांदा शेंड्याची फुलं हलली. वारा नव्हता. मग मुळाशी माती फुगली, दूध उतू जायच्या आधी फुगतं तशी. एक मूळ वर आलं, जरा थांबलं, इकडे तिकडे बघितल्यासारखं केलं आणि पुढं पडलं. मग दुसरं. ओढा ओलांडताना बाया लुगडं गुडघ्यापर्यंत धरतात ना, अगदी तशी मुळं उचलून जास्वंद निघाली. वाटेत दगड होता. त्याला वळसा घातला. पाकळी पडली नाही एक. तीन मजली फूल तेवढं डुलत होतं, हत्तीवरच्या अंबारीसारखं. दगडाच्या अलीकडे आली, दोन फूट जागा बघितली आणि बसली. बसताना दम खाल्ल्याचा आवाजसुद्धा आला.

"तो आवाज झाडाचा होता?" शर्वरी म्हणाली.

"मग कुणाचा?"

"दौलूकाका काय करत होते?"

"दौलूच्या पायाचा अंगठा चेचला. झाडानं त्याच्यावर पाय दिला."

"झाडानं."

"जड झाड होतं. पुरुषभर उंच."

"आणि हौसाबाई?"

"ती पहार घेऊन उभी होती."

शर्वरीनं कुमुदकडे बघितलं. कुमुद गवारी मोडत होती.

"पहार कशाला, काका?"

"वांग्याची रोपं लावायला. बांधाजवळ तिनं तेव्हाच दोन वांगी लावली. म्हाताऱ्या बायकांना रिकामं बसवत नाही."

"भर दुपारी, उन्हात, वांगी."

"तू शेतकऱ्याची मुलगी नाहीस, तुला कळायचं नाही."

"मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे."

"मग तुला कळायला हवं," मी म्हणालो आणि पुढं निघालो.

झाड चालताना बघून मी इतका थक्क झालो की कमरेत वाकलो तो सरळच होईना. डोळ्यांतून पाणी. त्याच अवस्थेत दुसरा फोटो काढला. तीच खुंटी, तीच तिपाई, कॅमेरा तसूभर हललेला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोक म्हणतात की तुम्ही बाजू बदलून फोटो घेतला. आता रोल संपला.

"कंबर तेव्हा गेली?" कुमुदनं पहिल्यांदा मान वर केली.

"आश्चर्यानं."

"मला तुम्ही जीपनं सांगितलं होतं. ओढ्यात सरकारी जीप आदळली म्हणून."

"आधी आश्चर्यानं गेली. मग जीप आदळली."

तिनं शेंगेची शीर ओढली आणि बाजूला टाकली.

चारला मंडळी परतली. मटणानं सगळ्यांचे डोळे जड. बाळाबाईच्या हातात हळदकुंकवाचं ताट आणि नारळ. केरबा कुऱ्हाड घेऊन पुढं आला आणि सवयीनं दगडाच्या पलीकडे गेला. तिथं झाड नव्हतं. तो अलीकडे आला. तिथं होतं. पुन्हा पलीकडे गेला. माणूस चष्मा शोधताना करतो तसं त्यानं दोनतीनदा केलं.

"साहेब," तो म्हणाला, "झाड हिकडं हुतं."

"होतं," मी म्हणालो.

"आता तिकडं हाय."

"आहे."

"ते कसं?"

मी खरं काय ते सांगितलं. चाललं म्हणालो. दौलूनं मान हलवली. त्याच्या अंगठ्याला हौसाक्काच्या पदराची चिंधी बांधलेली होती.

केरबानं पंचांकडे बघितलं. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. "दगड तर हाय तितंच दिसतोय," एक पंच म्हणाला. "दगड कोण हलवील? चार माणसांचा दगड हाय त्यो."

"तेच तर," मी म्हणालो.

"आणि चाललं तर ह्याची आधीची जागा कुटं?" केरबा म्हणाला. "झाड उठलं तर खड्डा पडंल का न्हाई?"

  हौसाक्का एकदम पुढं झाली.

"माजं झाड शिस्तीचं हाय, भावजी," ती म्हणाली. "उटल्यावर अंथरूण घडी करून ठेवतंय."

एक पंच हसला आणि लगेच खोकला. केरबा खाली बसला. त्यानं माती बघितली, वांग्याची दोन रोपं बघितली, त्यांना पाणी घालून केलेला चिखल बघितला. मग त्यानं दौलूचा अंगठा बघितला. मग हौसाक्काच्या हाताला लागलेली माती. मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब, तुमी वाकून का उभं हाय?"

"चमत्कार बघितला. नम्र झालो."

"आजून?"

"मोठा चमत्कार होता."

केरबा उठला. कुऱ्हाड त्यानं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मला तेव्हा खरोखर घाम फुटला होता, कारण माझी नोकरी तेव्हा बारा वर्षांची होती, घरी ही, दोन लहान पोरं, आणि तो माणूस तोंड उघडणार होता. त्यानं उघडलंही.

"मी सांगतो काय झालंय ते," तो म्हणाला. "हितं कुणीतरी..."

आणि मागे ताट ठेवल्याचा आवाज आला. बाळाबाई झाडापुढे गुडघ्यावर बसली होती. दगडाला लावायचं हळदकुंकू तिनं बुंध्याला लावलं होतं आणि डोकं टेकलं होतं.

"अगं, दगडाला लाव," केरबा म्हणाला.

"गप बसा. चालत आलीया ती."

"चालत न्हाई आली. मी सांगतो ना काय..."

"चालत आली म्हंत्यात साहेब. सरकारी माणूस खोटं बोलंल का?" बाळाबाई म्हणाली. "आणि आली ती कुणाकडं आली? आक्काकडं आली. तुमच्या कुऱ्हाडीला बघून आली. आता हात लावा तिला, मग बघा. आदुगर मला तोडा."

"बाळे, चार फूट जागा हाय ती."

"तुमच्या आईच्या दिसाला मी चार फूट पोळ्या लाटल्या तवा काय बोलला न्हाईसा."

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण केरबाला लागला असावा. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. नारळ बाळाबाईनं घेतला, दगडावर फोडला, अर्धा दगडापुढे आणि अर्धा जास्वंदीपुढे. मजुरांनी माती लोटली. झालं. आता दगड देव आणि झाडही देव, आणि दोन देवांच्या मध्ये पडायला आंबेखोलमध्ये कुणी तयार नव्हतं. सह्या तर सकाळीच झाल्या होत्या. खुणा पाहिल्या, समक्ष पाहिल्या, मान्य आहेत.

निघताना केरबा माझ्याबरोबर जीपपर्यंत आला. मला चढता येईना. त्यानं खाली हात लावून मला वर लोटलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, लई जड हुतं का ओ?"

"काय?"

"झाड," तो म्हणाला आणि निघून गेला.

हौसाक्का पुढं अकरा वर्षं जगली. बाळाबाई रोज बांधापर्यंत येऊन देवाला एक फूल न्यायची. बांध ओलांडायची नाही, हौसाक्का हातानं द्यायची. हद्दीचं मात्र पोट राहिलं. नकाशात तर दगड जिथं तिथं रेघ, आम्ही दुसरं काय करणार? मला ऑफिसात साहेबांनी एकदा विचारलं, मी म्हणालो जमीनच तशी आहे. त्यांनी सही केली.

एवढं सांगून मी थांबलो. पाठीमागची पिशवी गार झाली होती.

"फोटो दाखवा," शर्वरी म्हणाली.

हा क्षण माझ्या आवडीचा. मी तिलाच कपाटातून अल्बम काढायला लावला. आंबेखोलचं पान मला पाठ आहे. दोन फोटो शेजारी शेजारी. पहिल्यात दगड झाडाच्या डावीकडे. दुसऱ्यात उजवीकडे. तीन मजली फूल दोन्हींत.

"आता बोल," मी म्हणालो. "चाललं की नाही?"

ती दोन्ही फोटोंवर वाकली. "दोन्ही एकाच खुंटीवरून?"

"एकाच खुंटीवरून. पाणसळ लावून. बारा फूट."

"निगेटिव्ह आहेत?"

आहेत म्हणजे काय. मोजणीदाराकडे मूळ प्रत नसेल असं होत नाही. अल्बमच्या मागच्या खिशात बटर पेपरच्या पाकिटात सगळ्या आहेत. मी अभिमानानं दोन काढून दिल्या. ती खिडकीपाशी गेली आणि तिनं एकावर एक ठेवून उजेडाला धरल्या. कडा जुळवल्या. मग कुमुदला म्हणाली, "काकू, जरा इकडे येता?"

कुमुदनं गवारीची परात खाली ठेवली. मांडीवरच्या शिरा झटकल्या. चष्मा पुसला. खिडकीशी जाऊन बघत राहिली. मला खुर्चीतून त्या दोघींच्या पाठी दिसत होत्या.

"खांब किती दिसतात, काकू?"

"एक."

"आणि झाडं?"

"एक. फूलपण एकच, वरचं ते." कुमुद आणखी वाकली. "दगड दोन आहेत."

 मग ती माझ्या खुर्चीपाशी आली, माझ्या पाठीमागून पिशवी ओढून काढली आणि ती हातात धरून उभी राहिली.

"म्हणजे दगड तुम्ही हलवलात," ती म्हणाली, "आणि एकेचाळीस वर्षं शेक मी देतेय."